बाबांचं सोवळं

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर माझ्या वडिलांनी सोवळं सुरू केलं आणि मी त्यांच्याशी भांडायला सुरुवात केली. सात महिने भांडले. माझा एकही मुद्दा चुकीचा नव्हता आणि मला काडीचंही कळलेलं नव्हतं.

आमच्या घरात आम्ही दोघंच. कासार आळीत दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या, मागच्या बाजूला एक अरुंद गॅलरी, आणि खाली दिवसभर लूमची खडखड. बाबा, म्हणजे दत्तोपंत, भिवंडीतल्या शाळेत छत्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. वय ऐंशी. मी आसावरी, पन्नाशीला टेकलेली, कॉलेजात ग्रंथपाल आहे. सत्ताविसाव्या वर्षी लग्न मोडून परत आले, तेव्हा बाबांनी एकही प्रश्न न विचारता माझी बॅग आत नेऊन ठेवली होती. आई जाऊन आता सहा वर्षं झाली.

सोवळं म्हणजे काय, हे हल्ली समजावून सांगावं लागतं. पहाटे अंघोळ करायची, आपलं धोतर किंवा पंचा आपणच धुवायचा, काठीने उंच वलणीवर वाळत टाकायचा, आणि त्या कपड्याला दुसऱ्या कुणी शिवायचं नाही. माझ्या आजीचं हे सगळं कडक होतं. ते बाबांनीच मोडलं. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा आजीने माझं ताट दाराशी वेगळं मांडलं होतं. बाबा शाळेतून आले, त्यांनी ताट उचललं, आपल्या ताटाशेजारी ठेवलं आणि आजीला म्हणाले, "ही इथे बसेल, नाहीतर मीही तिकडे दाराशी बसतो." आजी दोन दिवस जेवली नाही. बाबा बधले नाहीत. असा बाप मला मिळाला याचा मला फार माज होता.

तो माणूस ऐंशीव्या वर्षी मला म्हणाला, "उद्यापासून माझे कपडे मशीनमध्ये टाकू नकोस. मी सोवळ्यात राहायचं ठरवलंय."

मला वाटलं थट्टा चाललीय. दुसऱ्या दिवशी उठले तर बाबा पंचा नेसून देवासमोर बसलेले. आयुष्यात ज्यांनी संकष्टी लक्षात ठेवली नाही, ते विष्णुसहस्रनामाचं पुस्तक उघडून पाढे म्हणावेत तशा एका सुरात वाचत होते. मध्येच अडखळत होते. गॅलरीत नवी वलणी, कोपऱ्यात नवी काठी, आणि गॅलरीच्या दाराला चक्क पडदा. लेंगे कपाटात गेले. घरात दिवसभर पंचा किंवा सैलसं धोतर. साबण वेगळा, बादली वेगळी.

"बाबा, हे काय खूळ?" मी विचारलं.

"म्हातारपणी सुचतं माणसाला," ते म्हणाले.

"कुणाचा विटाळ होतो तुम्हाला? घरात मी एकटी आहे. आणि माझी पाळीही आता जवळजवळ थांबलीय."

त्यांचा चेहरा उतरला. मी त्याचा अर्थ मला हवा तसा लावला. मला वाटलं, इतकी वर्षं सुधारकपणाचं नुसतं नाटक होतं, आता मरण जवळ दिसल्यावर आतला भटजी बाहेर आलाय. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

मग ते संध्याकाळचं फिरणं टाळू लागले. खुर्चीत पुढे वाकून, एका अंगावर कलून बसू लागले. गुरुवारी मंडईत माझ्याबरोबर येत, ते बंद झालं. औषधाच्या डब्यातला कापूस भराभर संपायला लागला. हे सगळं मी बघत होते, असं म्हणायची मला लाज वाटते. डोळ्यांसमोर होतं, पण मी त्यांच्यावर रागावलेली होते, आणि रागावलेल्या माणसाला दुसऱ्याचं बसणं-उठणं कुठे दिसतं? मी म्हणायचे, देवाला वेळ आहे, मंडईत यायला नाही.

एकदा तर मी फारच लागेल असं बोलले. म्हटलं, "आई शेवटी अंथरुणावर होती तेव्हा तुम्ही तिला दोन्ही वेळा स्वतः पुसत होतात, तिचं सगळं काढत होतात. तेव्हा कुठे होतं हे सोवळं?"

"तेव्हा गरज नव्हती," बाबा म्हणाले.

चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

मे महिन्यातला रविवार होता. उकाड्याने जीव नकोसा झालेला, लाईट जाऊन-येऊन. मशीन लावायला घेतलं आणि गॅलरीत पडद्याआड त्यांचे दोन पंचे लोंबताना दिसले. बाबा अंघोळीला गेले होते. माझ्या मनात आलं, आज हे संपवायचंच. शिवतेच. बघू काय होतं, आभाळ कोसळतं का. काठी घेतली आणि दोन्ही पंचे खाली ओढले. त्यांना विटाळावं, त्यांनी चिडावं, एकदा कडाक्याचं भांडण होऊन जावं, एवढाच माझा हेतू होता.

पंचा हातात आला आणि मला डाग दिसले. धुऊन धुऊन फिकट झालेले, तपकिरी, पुढच्या बाजूला. दुसऱ्यावरही. आणि साबणाच्या वासाखाली एक वास होता, जो मी आईच्या आजारपणानंतर विसरले होते.

बाबा अंघोळ करून आले ते दारातच थांबले. माझ्या हातात पंचा होता.

"बाबा, हे रक्त आहे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. मग म्हणाले, "मूळव्याध आहे. ठेव ते."

लाज वाटते सांगायला, पण मला बरं वाटलं. मूळव्याध म्हणजे काहीच नाही. म्हणजे सोवळंबिवळं काही नव्हतं, म्हातारा माणूस मुलीपासून कपडे लपवत होता एवढंच. मी तिथेच खुर्चीत बसले आणि रडले, आणि सात महिन्यांचं सगळं बोलणं मला आठवायला लागलं. बाबा पंचा घेऊन आत गेले. त्यांनी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून मी डॉक्टरचं टुमणं लावलं. बाबा ऐकेनात. आज नको, उकाडा आहे. उद्या नको, एकादशी आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना एकादशी आठवत होती. शेवटी मी बाळारामला फोन केला.

बाळाराम भिवंडीजवळच्या काल्हेर गावचा. त्याच्या बापाची भातशेती होती, तिथे आता गोडाऊनं आहेत, आणि बाळाराम दिवसभर त्या गोडाऊनांच्या मध्ये खुर्ची टाकून बसलेला असतो. वय साठीच्या पुढे, पण आमच्या जिन्यात पाऊल टाकलं की आठवीतला होतो. बाबांनी त्याला दोन वर्षं वर्गाबाहेर उभं केलं आणि तिसऱ्या वर्षी घरी बसवून पास केलं. त्याचं तो ऋण मानतो. दर गुरुपौर्णिमेला नारळ आणि धोतरजोडी आणतो, आणि मला आसावरीबाय म्हणतो. पुरुषाने पुरुषाशी बोलावं, इतकाच माझा विचार होता.

तो आला, बाबांच्या पाया पडला आणि म्हणाला, "आसावरीबाय, चाय ठेव. आनि घाई करू नको." मग त्याने बाबांच्या खोलीचं दार लावलं. आमची दारं पातळ आहेत आणि बाळारामचा आवाज ट्रकवाल्यांना हाका मारून कमावलेला. मी चहाचं पातेलं गॅसवर ठेवलं आणि दाराशी जाऊन उभी राहिले.

"मास्तर, मूलव्याध हाय?"

"आहे."

"मना पन हाय. मी टायरच्या ट्यूबवर बसतो, मागं रेलून. तुम्ही पुढं वाकून बसताव. तुमचं दुखतंय ते मागं न्हाय, पुढं हाय."

आत पलंग करकरला. 

"तीन वरसांमागं मना पन आयल्या होत्या," बाळाराम म्हणाला. "बारीक पुटकुल्या. तिथंच. ना दुखत, ना खाजत. मना वाटलं झालं, आता संपला बालाराम. जवानीत ट्रकवर असताना एकदा कुठं गेलतो, त्ये सगलं आठवलं. बायकोला सांगितला न्हाय, तिच्याजवल झोपलो न्हाय. ती बिचारी समजली मी रुसलोय. महिना काढला तसाच. मंग गेलो डॉक्टरकडं. त्यानं बघितला आनि बोलला, काका, ह्या तेलाच्या गाठी हायत, निम्म्या लोकांना असतात, घरी जा. महिनाभर मी फुकट मेलो मास्तर."

"किती होत्या?" बाबांनी विचारलं. बाबा असंच विचारणार.

"मोजल्या न्हाय."

"वाढत होत्या?"

"न्हाय. होत्या तितक्याच."

"माझ्या वाढल्या," बाबा म्हणाले.

पातेल्यातला चहा उतू गेला. मी हलले नाही.

बाळारामचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "तुमचं पन काय नसल मास्तर. पन दाखवाया लागल. आपून दोघं बघून काय उपेग? ना तुम्ही डॉक्टर, ना मी."

"आसावरीला काय सांगू?"

"तिला काय सांगाया न्हाय लागत. ती भायेर उभी हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळारामच्या गाडीतून आम्ही ठाण्याला निघालो. भिवंडीत दाखवायला बाबा तयार नव्हते, आणि त्याचं कारण मला गाडीत कळलं. कशेळीच्या पुलाआधी नेहमीप्रमाणे ट्रकांची रांग लागली होती. बाळाराम पुढे बसून ड्रायव्हरला रस्ता सांगत होता. बाबांनी पिशवीतून एक वही काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. काचेबाहेर बघत म्हणाले, "डॉक्टरांना द्यायची आहे. आधी तू वाच. मला बोलायला जमणार नाही."

ती शाळेतली प्रयोगवही होती. डाव्या पानावर निरीक्षण, उजव्या पानावर अनुमान. अक्षर तेच, फळ्यावरचं.

'१८ ऑक्टोबर. स्नानाच्या वेळी लक्षात आले. शिश्नाच्या पुढील त्वचेच्या आत, डाव्या बाजूस, बारीक उंचवटे तीन. मोहरीएवढे. रंग तांबूस. वेदना नाही, खाज नाही. कपड्यावर किंचित पिवळसर डाग. दिवाळीपर्यंत वाट पाहणे. न गेल्यास दाखवणे.'

'१२ नोव्हेंबर. दोन उंचवटे एकत्र झाले. मसुराएवढा. बोरिक पावडर लावली, फरक नाही. मार्गशीर्ष संपल्यावर दाखवणे.'

'१५ जानेवारी. पृष्ठभाग खडबडीत. धुताना किंचित रक्त. आज आसावरी चिडली आहे. शिमगा झाल्यावर दाखवणे.'

'९ मार्च. जखम. बरी होत नाही. वास. पाडव्यानंतर निश्चित.' निश्चित या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

त्यानंतरची पानं मी भराभर उलटली. सगळ्या तारखा होत्या, मापं होती. उजवीकडची पानं कोरी होती, एकाही पानावर अनुमान लिहिलेलं नव्हतं. छत्तीस वर्षं ज्या माणसाने अनुमान कोरं ठेवलेल्या मुलाला वही परत दिली, त्याने स्वतःच्या वहीत सात महिने ते पान मोकळं ठेवलं होतं.

शेवटच्या पानावर भिवंडीतल्या सहा डॉक्टरांची नावं होती. प्रत्येकापुढे साल. दहावी १९८८. दहावी १९९४. दहावी २००१. एकापुढे लिहिलं होतं, 'याला मी सर्वांसमोर मारले होते.' सहाही नावांवर काट मारलेली.

मी वही मिटली. मला त्यांचा हात धरायचा होता, पण इतक्या महिन्यांत आम्ही एकमेकांना शिवलो नव्हतो आणि माझा हात उचलेना. म्हटलं, "बाबा, मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी वही उचलून पुन्हा पिशवीत घातली. पुढचा ट्रक हलला आणि आमची गाडीही हलली.

डॉक्टर त्वचारोगाच्या होत्या. बाळारामच्या मुलाने, कुणालने, फोनवरून नंबर लावला होता आणि कोण आहे, बाई की पुरुष, हे बघायचं त्याला सुचलं नव्हतं. दारावर नाव होतं डॉ. उन्नती. तिशीची मुलगी, केस वर बांधलेले. बाबा उंबऱ्यातच थांबले.

"पुरुष डॉक्टर नाहीत का?" त्यांनी विचारलं.

ती जराही दुखावली नाही. "आहेत ना आजोबा. गुरुवारी येतात. तुम्ही म्हणाल तर त्यांच्याकडे नाव लिहिते. तुमची सोय महत्त्वाची."

आज सोमवार होता. मी बाबांकडे बघितलं आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर ती सुटका दिसली. आणखी तीन दिवस. मला ओरडायचं होतं. आयुष्यभर मी ओरडूनच बोललेय, पण त्या वेळी गप्प बसले. तेवढं एक मी त्या वर्षात नीट केलं. बाळाराम भिंतीकडे तोंड करून उभा होता. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"गुरुवार नको," ते म्हणाले. "आज बघा."

ते पडद्यामागे गेले. मी आणि बाळाराम बाहेरच्या बाकावर. बाळाराम म्हणत होता, काय नसल, तेलाच्या गाठी असतील, आणि दर वेळी म्हणताना त्याचा आवाज बारीक होत होता. वीस मिनिटांनी मला आत बोलावलं. बाबा खुर्चीत बसले होते, धोतर सारखं केलेलं, हात गुडघ्यांवर. डॉक्टर वही वाचत होती. तिने एकेक पान वाचलं, शेवटचंही वाचलं.

"इतकं नीट कुणीच लिहून आणत नाही," ती हळू म्हणाली. "आजोबा, घरात कुणाला सांगितलं होतंत?"

"घरात फक्त मुलगी आहे," बाबा म्हणाले.

त्यात तक्रार नव्हती. घरात गॅस आहे, फ्रीज आहे, तसं त्यांनी सांगितलं. पण मला कुणी तोंडात मारावी तसं झालं. ज्या मुलीचं ताट त्यांनी स्वतःशेजारी मांडलं होतं, तिला हे सांगता येत नव्हतं. शरीराच्या एका भागापुरतं आमच्या घरात आजीचंच राज्य चालू होतं, आणि ते मोडायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. आणि वर मी त्यांना विचारलं होतं, कुणाचा विटाळ होतो तुम्हाला?

डॉक्टरने आडपडदा ठेवला नाही. तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल, मला कॅन्सरची शंका येते, म्हणाली. बाबांनी मान हलवली. त्यांना ती शंका कधीपासून होती, कुणास ठाऊक.

"एक विचारू?" ते म्हणाले. "दिवाळीत आलो असतो तर?"

तिने वही मिटून टेबलावर ठेवली. मी मनात म्हटलं, खोटं सांग. पण समोर मास्तर होते, खोटं त्यांना चाललं नसतं.

"तर बहुतेक छोटं काम होतं," ती म्हणाली. "तेवढाच भाग काढून चाललं असतं. या जागेवर जे उठतं त्यातलं पुष्कळसं काहीच नसतं, आजोबा. बघून घरी पाठवते मी लोकांना. पण जे तीन-चार आठवड्यांत जात नाही, वाढतं, ज्यातून रक्त येतं, ते दाखवायचंच. ते घरी बघून कळत नाही. मलाही नुसतं बघून खात्री देता येत नाही."

"बरोबर," बाबा म्हणाले. विद्यार्थ्याने अचूक उत्तर दिल्यावर म्हणत तसं. मग त्यांनी हात पुढे केला आणि वही परत मागितली.

बाहेर आल्यावर बाळारामने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तो बाकावर बसला. एवढा मोठा माणूस, पण लहान मुलासारखा रडला. "मी उगाच बोल्लो, काय नसल म्हनून," तो परत परत म्हणत होता. बाबा त्याच्याजवळ उभे राहिले. "तू बोलला नसतास तर मी इथे आलो नसतो," ते म्हणाले. "ऊठ. लोक बघतायत."

रिपोर्ट आला तो तसाच आला. मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जनने सांगितलं की लिंगाचा अर्ध्याहून अधिक भाग काढावा लागेल. जांघेतल्या ग्रंथी स्कॅनमध्ये ठीक दिसतायत, तिथवर पसरलेलं नाही, पण पुढे वर्षानुवर्षं तपासत राहावं लागेल. लघवी बसून करावी लागेल. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "नाही काढला तर?" सर्जनने वर्षाच्या आतला हिशेब सांगितला. बाबांनी पेन मागितलं आणि सही केली. त्या रात्री ते जेवले नाहीत. मी समोर बसले होते. ते एकदाच म्हणाले, "तुझ्या आईला हे बघावं लागलं नाही, बरं झालं." मी म्हटलं, आईने केव्हाच बघितलं असतं आणि केव्हाच तुम्हाला फरफटत नेलं असतं. यावर ते थोडं हसले.

ऑपरेशन साडेतीन तास चाललं. पाच दिवस ते वॉर्डात होते. तिथे सगळं ब्रदर करायचे, आणि ड्रेसिंगची वेळ झाली की मी आपणहून उठून बाहेर जायचे. बाबांनी कधी थांब म्हटलं नाही. पडद्याबाहेर उभी राहून मी त्यांचं कण्हणं ऐकायचे आणि पडद्यावरची फुलं मोजायचे.

घरी सोडायच्या सकाळी ब्रदर ट्रे घेऊन आला. कापूस, गॉज, चिकटपट्टी, सलाईनची बाटली. "पंधरा दिवस घरी रोज करायचंय," तो म्हणाला. "एकदा बघून घ्या. घरात जेन्ट्स कोण आहे?"

बाळाराम भिंतीशी उभा होता, तो लगेच पुढे आला. "मी हाय. मी रोज येतो काल्हेरवरनं. सकालीच येतो. मना शिकवा."

मी सवयीने पर्स उचलली आणि दाराकडे वळले. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला हायसं वाटलं होतं. बाळाराम करेल, मी चहा करेन, आणि आमच्या घरात पुन्हा सगळं झाकलेलं राहील.

"बाळाराम, तू थांब बाहेर," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज खरवडल्यासारखा येत होता. "ब्रदर, हिला शिकवा. माझी मुलगी आहे."

ब्रदरने माझ्याकडे बघितलं. बाळारामने माझ्याकडे बघितलं, मग तो बाहेर गेला आणि त्याने दार ओढून घेतलं. मी पर्स खुर्चीवर ठेवली. ब्रदरने मला हातमोजे दिले. डाव्या हातमोज्यात माझी दोन बोटं एकाच ठिकाणी गेली, ती त्याने सरळ करून दिली.

त्याने चादर बाजूला केली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

"आसावरी," बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी उशीवर उतरत होतं, पण त्यांनी नजर हटवली नव्हती.

"इतके महिने मी एकटाच बघत होतो," ते म्हणाले. "आता तू बघ."

ब्रदरने हातात चिमटा दिला आणि जुनी पट्टी कुठून उचलायची ते दाखवलं. मी खाली वाकले आणि बघितलं.